शांत होईपर्यंत

धाकट्याने जबाब टाइप करूनच आणला होता. दोन प्रती, दोन्हींवर तारीख घातलेली, आणि सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली. बाबांना चष्म्यातूनही नीट दिसत नाही म्हणून फुली, असं तो म्हणाला. सुनेला मात्र ती फुली बघूनच चीड आली. अजून कोणी वाचलंसुद्धा नाही, आणि ह्यांनी सही कुठे करायची ते ठरवूनही टाकलं.

जेवणाच्या टेबलाशी चौघंच होती. सासरे त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत, सत्तरीतही पाठ ताठ. शेजारी नणंद, इस्पितळातून रात्रपाळी करून तशीच आलेली, अंगावर अजून नर्सचा पांढरा कोट. समोर धाकटा दीर, साध्या कपड्यांत, पण बूट पोलिसाचेच. आणि जिच्यासाठी ही सगळी बैठक, ती सुनेची मुलगी मुंगी आतल्या खोलीत दार लावून बसली होती. पोलिसात ड्यूटीवर असताना तिच्या हातून एक बाई मेली, त्याला अकरा दिवस झाले होते, आणि मुंगी जेवायलाही बाहेर येत नव्हती.

"वाचा तरी मोठ्याने," सून म्हणाली.

धाकट्याने घसा साफ केला. "मी प्रशिक्षण केंद्रात उस्ताद म्हणून अठ्ठावीस वर्षं काम केलं. हल्लेखोर इसमास पालथे पाडून आवरल्यानंतर दहा आकडे मोजून त्यास कुशीवर करावे, असं पुस्तकात आहे. मी सर्व तुकड्यांना पुस्तकाप्रमाणेच शिकवलं."

"सर्व?"

"वहिनी, आता सुरू करू नका."

"तुम्हाला स्वतःला त्यांनी दहा मोजायला शिकवलं होतं का, भाऊजी? तुमची तुकडी त्यांच्याच हाताखालची ना?"

धाकट्याने कागद खाली ठेवला. तो स्वतः आता एका ठाण्याचा इन्स्पेक्टर. रोज पन्नास माणसांचे खोटे जबाब ऐकायची त्याला सवय होती, पण घरातल्या बाईने असा सरळ प्रश्न टाकला की त्याला खोटं जमायचं नाही. "नाही," तो म्हणाला. "आमच्यापासूनच बंद झालं ते. दादा गेला त्यानंतर."

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, सुनेचा नवरा. तो गेला तेव्हा मुंगी पाच वर्षांची होती.

"मग खोटं कशाला लिहिलंय?" सुनेचा आवाज चढला. "माझ्या पोरीने जे शिकवलं तेच केलं. शिकवणारा इथे समोर बसलाय. त्याने तिथे जाऊन तसं सांगायचं, बस. त्याउपर मला काही नको."

"आणि सांगून काय होणार? मोठ्या साहेबांचं माझं बोलणं झालंय. केंद्राचं नाव यात यायला नको, एवढंच त्यांना हवंय. बाबांनी ही सही केली, की मुंगीने घाईगडबडीत चूक केली म्हणून तिला नोकरीवरून काढतील. नोकरी जाईल, पण गुन्हा दाखल होणार नाही. तुरुंग वाचेल."

"हे साहेबांनी लिहून दिलंय?"

"असं कोणी लिहून देत नसतं, वहिनी."

"मग आमच्याकडूनच बरं सगळं लिहून हवं असतं!"

नणंदेला हसू आलं. असल्या वेळी हसू येणं वाईट, पण छत्तीस तास डोळ्याला डोळा लागला नव्हता. ती भावाच्याच बाजूने बोलायचं ठरवून आली होती. चोवीस वर्षांची पोरगी तुरुंगात सडण्यापेक्षा घरी बसलेली काय वाईट, एवढा साधा हिशेब तिने बसमध्येच केला होता. "वहिनी, मला वाटतं सही करू द्यावी," ती म्हणाली. "नोकरी दुसरी मिळेल. मी इस्पितळात शब्द टाकते."

"ताई, तुम्हीसुद्धा?"

"मी तिची आत्या आहे. तिचं वाईट व्हावं असं मला वाटेल का?"

सुनेने खुर्ची मागे सारली आणि चहाचे कप गोळा करायला लागली. कोणाचाच चहा पिऊन झाला नव्हता. एकोणीस वर्षांपूर्वी याच घरात, याच लोकांनी तिला समजावलं होतं की नवऱ्याच्या मृत्यूचा फार बोभाटा करू नकोस, पोलीस खातं आपलं आहे, खातं सांभाळून घेईल. खात्याने सांभाळून घेतलंही. मुंगी मोठी झाल्यावर तिला बापाच्या जागेवर घेतलं. उंचीत अर्ध्या सेंटिमीटरने पोरगी पास झाली, आणि मुंगीची आता पोलीस मुंगी झाली म्हणून सगळे पोट धरून हसले होते. तीही हसली होती.

उस्ताद, म्हणजे सासरे, या सगळ्यात अवाक्षर बोलले नव्हते.

धाकट्याला वडिलांचं हे गप्प राहणं लहानपणापासून माहीत होतं. मैदानावर ज्यांचा आवाज कुंपणाबाहेर ऐकू जायचा, ते घरात तोंडाला कुलूप घालून बसायचे. त्याला मनातून वडिलांचा राग येत होता. आणि त्याहून जास्त स्वतःचा. पालथं पाडून गुडघ्याने दाबायची ही पकड त्याने स्वतः कितीदा वापरली होती. त्याच्या हातून कोणी मेलं नाही, ते त्याचं नशीब. या अकरा दिवसांत तो रोज त्या प्रत्येक माणसाला आठवून बघत होता, की सोडल्यावर तो उठून बसला होता ना. एक जण काही केल्या आठवत नव्हता. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही काहीतरी बोला," तो म्हणाला. "दोन वाजता चौकशी आहे. साडेबाराला निघायला हवं."

"तिला बाहेर बोलवा," उस्ताद म्हणाले. "तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी कशावरच सही करणार नाही."

मुंगी बाहेर आली तेव्हा तिने केस विंचरले होते. तेवढं बघूनच सुनेने हातातले कप खाली ठेवले. तयारी करून आलेली माणसं काय बोलतील याची भीती वाटते. मुंगी आजोबांच्या समोर, काकाच्या शेजारी बसली.

"सुरुवातीपासून सांग," उस्ताद म्हणाले. "जबाबात लिहिलंस तसं नाही. झालं तसं."

"बसस्थानकावरून फोन आला. एक बाई बाटल्या फोडतेय, लोकांच्या अंगावर धावतेय म्हणून. मी आणि हवालदार गेलो. तिच्या हातात फुटक्या बाटलीचा तुकडा होता. स्वतःचाच हात कापून घेतला होता तिने, रक्त येत होतं. माझ्याएवढीच असेल. जरा जाड."

"पुढे."

"हवालदार म्हणाले, तू बाई आहेस, तू धर. मी लोकांना मागे हटवतो. मी मागून गेले, मनगट पिरगाळलं, तुकडा पडला. तिला पालथी पाडली. गुडघा दोन्ही खांद्यांच्या मध्ये. सगळं बरोबर झालं, आजोबा. पहिल्या झटक्यात." ती थांबली. "तुम्ही बघितलं असतं तर शाबासकी दिली असती."

स्वयंपाकघरात नळ थेंब थेंब गळत होता, सून उठून तो घट्ट बंद करून आली.

"किती वेळ?" आत्याने विचारलं.

"कॅमेऱ्यात तीन मिनिटं चाळीस सेकंद आहेत."

आत्याने डोळे मिटले. सव्वीस वर्षं ती तातडीच्या वॉर्डात होती. तिला यापुढचं काही ऐकायची गरज नव्हती. "अगं, ती धडपडत होती ना?"

"खूप. म्हणून तर मी जोर वाढवला."

"पालथ्या माणसाच्या पाठीवर वजन असलं की तो पळून जायला धडपडत नाही, मुंगे. श्वास घ्यायला धडपडतो. तू जोर वाढवलास की तो आणखी धडपडणार. हे तुम्हा लोकांना कोणी सांगत नाही का?" हे ती भाचीला विचारत होती, पण बघत बापाकडे होती.

"आत्या, अजून एक आहे," मुंगी म्हणाली. "ते मी जबाबात लिहिलं नाही. कॅमेऱ्यात आवाज येत नाही, त्यामुळे कोणाला माहीत नाही. हवालदारांनी तर काही बघितलंच नाही म्हणून सांगितलंय."

"मग ते आपल्यातच राहू दे," धाकटा पटकन म्हणाला.

"ती बोलत होती, काका. 'मी शांत आहे, मी शांत आहे, ताई, मी शांत आहे.' चार वेळा म्हणाली. पाचव्यांदा अर्धंच म्हणाली. मला अगदी स्पष्ट ऐकू येत होतं."

सुनेने तोंडावर हात धरला.

"आणि मी सोडलं नाही. आजोबा, तुम्हीच म्हणायचात ना? जो तोंडाने शांत म्हणतो तो शांत नसतो. अंग शांत झालं पाहिजे. मग ती गप्प झाली, अंग ढिलं पडलं. मी मनात म्हटलं, झालं, शांत झाली. ठाण्याच्या डायरीत मी तसंच लिहिलं. 'सदर महिला शांत झाली.' एवढं लिहून मी पाणी प्यायला गेले. लिहितानासुद्धा मला कळलं नव्हतं, मी काय लिहितेय ते."

उस्तादांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना समोरची नात नुसती आकृती दिसत होती, आणि तेच बरं वाटत होतं.

ते वाक्य त्यांचंच होतं. थोरल्याला पेटीतून घरी आणलं त्यानंतर सतराव्या दिवशी ते मैदानावर परत गेले, आणि नव्या तुकडीसमोर उभं राहून ते वाक्य पहिल्यांदा बोलले. त्यांच्या मुलाने पुस्तकाप्रमाणे केलं होतं. दारू प्यायलेल्या एका माणसाला पालथा पाडलं, दहा मोजले, तो म्हणाला, 'साहेब, मी शांत आहे,' म्हणून त्याला कुशीवर केलं. त्या माणसाने पायमोज्यातला चाकू काढून सत्तावीस वर्षांच्या थोरल्याच्या मांडीत खुपसला. रक्त थांबलं नाही. पुस्तक लिहिणाऱ्याचा मुलगा नव्हता मेला. त्या दिवसापासून उस्तादांनी मोजणं बंद केलं. हजेरीच्या पुस्तकात दहा आकडे शिकवले असं लिहायचे, मुलांच्या सह्या घ्यायचे, आणि मैदानावर सांगायचे, शांत होईपर्यंत सोडायचं नाही. सात वर्षांत अशा चौदा तुकड्या बाहेर पडल्या. त्यांच्यातले चार जण पुढे स्वतः उस्ताद झाले. आपण एकाही आईला परत तो दिवस दाखवला नाही, अशी त्यांची खात्री होती, आणि त्या खात्रीवर ते आजवर जगले होते.

त्यांनी टाइप केलेला जबाब ओढून घेतला आणि 'पुस्तकाप्रमाणेच' या शब्दावर आडवी रेघ मारली.

"बाबा!"

"मी जाऊन सांगतो, मी मोजायला शिकवलं नाही. खोट्या सह्या घेतल्या. हिच्यावर काय चालवायचं ते माझ्यावर चालवा म्हणतो."

सुनेला एकदम रडू फुटलं. सकाळपासून ती ज्यासाठी भांडत होती ते मिळालं होतं. तिने सासऱ्यांच्या पाठीवर हात ठेवला. गेल्या एकोणीस वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं.

"केंद्राच्या सगळ्या जुन्या केसेस उघडतील, बाबा," धाकटा म्हणाला. "माझ्यासकट सगळे."

"उघडू देत," आत्या म्हणाली. ती आता वहिनीच्या बाजूला जाऊन उभी होती. "तू वाचवतोयस ते कोणाला, मुंगीला की स्वतःला?"

धाकट्याचा चेहरा पडला. "दोघांना," तो म्हणाला. खोटं तरी किती बोलणार.

"आजोबा, नको," मुंगी म्हणाली. इतका वेळ ती रेघ मारलेल्या कागदाकडे बघत होती. "तुम्ही उगाच स्वतःला लावून घेताय. मी अकरा दिवस हाच विचार केलाय. चौदा तुकड्या तुमच्या, पुढे त्या चार उस्तादांच्या कितीतरी. हजारभर लोक असतील. सगळे हीच पकड वापरतात. कोणाच्या हातून कोणी मेलं नाही. मग पद्धत कशी चुकीची असेल? चूक माझीच आहे. माझं वजन पुढे गेलं असेल, नाहीतर गुडघा खाली सरकला असेल. तुम्ही कशाला पाणी सोडताय सगळ्या आयुष्यावर?"

तिने टेबलावरून हात पुढे करून त्यांच्या हातावर ठेवला. हसण्याचा प्रयत्नही केला.

उस्तादांना गप्प बसता आलं असतं. खरं म्हणजे तेच सोपं होतं. ती त्यांना सोडवत होती, आणि ती सोडवतेय ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

"दोघं मेली," ते म्हणाले.

"काय?"

"तुझ्या आधी. मला माहीत असलेली दोन. माझ्या निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी एक मुलगा आला होता घरी. जुन्या तुकडीतला. रडत होता. म्हणाला, उस्ताद, बाजारात एकाला धरला आणि तो माझ्या गुडघ्याखालीच गेला. डॉक्टरने हृदयविकार लिहिलं. मी त्याला म्हटलं, तू घरी आलास ना परत? मग झालं तर. तुझी आई रडत नाहीये, तेवढं बघ. त्याला पाणी दिलं आणि पाठवला."

"आणि दुसरा?" आत्याने विचारलं.

"सहा वर्षांपूर्वी. त्याने फोन केला होता. त्यालाही तेच सांगितलं."

मुंगीचा हात अजून त्यांच्या हातावर होता. ती हिशेब करत होती आणि तो सगळ्यांना दिसत होता. भरतीच्या आधी, चार वर्षांपूर्वी, मागच्या अंगणात चटई टाकून आजोबांनी तिला ही पकड शिकवली होती. रोज सकाळी, दोन महिने. स्वतः पालथे झोपायचे आणि तिला पाठीवर गुडघा टेकायला लावायचे. 'सोडू नकोस, मी सांगितलं तरी सोडू नकोस,' असं ओरडायचे, आणि ती हसत हसत सोडायची, की परत पहिल्यापासून.

"म्हणजे मला शिकवायच्या आधी," ती म्हणाली.

"हो."

"दोघंही."

"हो. मला वाटायचं, तू घरी परत यावीस. मला दुसरं काही दिसतच नव्हतं, मुंगे. तुझा बाप..."

तिने हात काढून घेतला. जोराने नाही. तो हात मांडीवर ठेवून ती त्याच्याकडे बघत राहिली. सुनेचाही हात सासऱ्यांच्या पाठीवरून कधी खाली आला ते तिला कळलं नाही.

तेवढ्यात धाकट्याचा फोन वाजला. तो उठून उभा राहिला, 'होय सर' म्हणाला, मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिला. "पण सर, आपलं बोलणं झालं होतं," एवढंच तो मध्ये एकदा म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला खुर्ची सापडेना. ताईने त्याला दंडाला धरून बसवला.

"बाबांचा जबाब नकोय त्यांना," तो म्हणाला. "केंद्राने हजेरीची पुस्तकं पाठवलीत. मुंगीच्या तुकडीचंही. दहा आकडे शिकवले, समजले, खाली सही. तिची सही आहे. म्हणजे शिकवण्यात काही दोष नाही, दोष तिचा एकटीचा. चौकशी संपली. गुन्हा दाखल होतोय. तीन वाजता तिला घेऊन ये म्हणाले. मलाच आणायला सांगितलंय."

"मी येतो," उस्ताद उठले. "मी जाऊन सांगतो, त्या सह्या खोट्या आहेत. ती पद्धत मीच पाडली."

"कोणी विचारत नाहीये, बाबा. साहेब म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास."

"मी ओरडून सांगेन."

"फाटकावर तुमचीच पोरं उभी आहेत. सलाम ठोकतील, खुर्ची देतील, चहा देतील. आत सोडणार नाहीत."

सुनेने आतून पोरीचे दोन जोड कपडे आणि टूथब्रश पिशवीत भरून आणला. काय न्यायचं असतं ते तिला माहीत नव्हतं. धाकट्याला माहीत होतं, त्याने पिशवीतून पट्टा आणि ओढणी काढून टेबलावर ठेवली. कोठडीत गळफास लावता येईल असं काही नेऊ देत नाहीत, हे सुनेच्या उशिरा लक्षात आलं.

दारात मुंगी बूट घालायला वाकली. उस्ताद तिच्यामागे जाऊन उभे राहिले.

"मी नुसता बाहेर बसेन," ते म्हणाले. "कधीतरी कोणीतरी विचारेल."

"नका येऊ," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यांना काहीतरी बोलता आलं असतं. "तुम्ही तिथे असलात तर मला तुमच्याकडे बघावं लागेल."

गाडी गेली. धाकटा चालवत होता, मायलेकी मागे बसल्या होत्या. उस्ताद टेबलाशी परत आले आणि रेघ मारलेल्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहायला लागले. कोणी विचारो न विचारो, आज नाही तर उद्या, ते लिहून पोस्टाने पाठवणार होते. तारीख घातली, स्वतःचा हुद्दा लिहिला, चौदा तुकड्यांची वर्षं ओळीने लिहिली. मग हात थांबला.

"काय झालं?" आत्याने विचारलं. ती पाय वर घेऊन खुर्चीत बसली होती, झोपही येत नव्हती आणि जागंही राहवत नव्हतं.

"त्या दोघांचं लिहायचंय."

"मग लिहा. कोण होती ती माणसं?"

उस्तादांनी बराच वेळ आठवून बघितलं. आलेला मुलगा आठवत होता, त्याची तुकडी, त्याचा हजेरी क्रमांक, तो रडताना टोपी हातात कशी चुरगाळत होता तेही आठवत होतं. फोन करणाऱ्याचा आवाजसुद्धा आठवत होता.

"माहीत नाही," ते म्हणाले. "मी विचारलंच नव्हतं."